मनी वसे ते स्वप्नी दिसे, पण मनी वसवतं कोण? (बर्लिनमधली स्वप्नं, १९३३ ते १९३९)



मागच्या व्याख्यानात आपण डेकार्तच्या शेकोटीपाशी थांबलो होतो. अंगात झगा घालून शेकोटीजवळ बसलेला तो माणूस स्वतःला विचारतो, की मी खरोखर इथे बसलो आहे, की अंथरुणात पडून हे स्वप्न पाहतो आहे? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न आम्ही तीस-पस्तीस वर्षं शिकवला. पण आज कबूल करायला हरकत नाही, की तो शिकवताना आमच्या मनात कायम एक अडचण असायची. डेकार्तच्या स्वप्नात काय दिसलं, याच्याशी त्याच्या प्रश्नाला काही देणंघेणंच नाही. स्वप्न म्हणजे केवळ जागेपणाची नक्कल, बस्स. स्वप्नात हत्ती दिसला काय आणि पोलीस दिसला काय, युक्तिवाद तोच. आज आपण उलट बाजूने जाऊ. स्वप्नात नेमकं काय दिसलं, कोणाला दिसलं आणि कोणत्या साली दिसलं, हेच आज बघायचं आहे.

आपल्या भाषेत एक म्हण सगळ्यांना पाठ आहे : मनी वसे ते स्वप्नी दिसे. स्वप्नाचं मानसशास्त्र इतक्या कमी शब्दांत दुसऱ्या कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. फ्रॉइडचा सहाशे पानी ग्रंथ वाचून झाल्यावर एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारलं होतं, "सर, हे आमच्या आजीला माहीत होतं, मग एवढं लिहिलं कशाला?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण त्या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मनी जे वसतं ते आपलं असतं, आपणच ते वसवलेलं असतं, असं आपण धरून चालतो. तिथे दुसरं कोणी येऊन बिऱ्हाड केलं तर?

१९३३ साली बर्लिनमध्ये शार्लोट बेराट नावाची एक तरुण पत्रकार राहत होती. जन्माने ज्यू, विचाराने डावी, वय पंचविशीचं. ३० जानेवारीला हिटलर चान्सेलर झाला. त्यानंतर एका सकाळी ही बाई घामाघूम होऊन, दात आवळलेल्या अवस्थेत जागी झाली. स्वप्नात तिचा पाठलाग होत होता, तिच्यावर गोळ्या झाडल्या जात होत्या. स्वप्न नवं नव्हतं, पुन्हा पुन्हा पडत होतं. त्या सकाळी मात्र तिच्या मनात आलं, की हे फक्त मलाच पडत असेल का? या शहरातल्या हजारो लोकांना अशीच काही स्वप्नं पडत असतील तर?

मग तिने विचारायला सुरुवात केली. शिवणकाम करणारी बाई, शेजारी, मावशी, दूधवाला, मित्रमैत्रिणी, जे भेटतील त्यांना. आपण हे का विचारतोय ते बहुतेकांना सांगायचं नाही, नाहीतर लोक सावध होऊन बोलतात. ओळखीच्या एका डॉक्टरनेही आपल्या रुग्णांकडून स्वप्नं मिळवून दिली. अशी सुमारे तीनशे लोकांची स्वप्नं जमली. ती लिहून ठेवणं हाच धोका होता, म्हणून तिने एक सांकेतिक भाषा केली. हिटलर म्हणजे 'हान्स काका', गोअरिंग म्हणजे 'गुस्ताव काका', गोबेल्स म्हणजे 'गेरहार्ट काका'. पक्ष म्हणजे 'कुटुंब', आणि अटक म्हणजे 'फ्लू'. 'गुस्ताव काकांमुळे शेजाऱ्यांना फ्लू झाला' असं वाचलं तर पोलिसांना काय कळणार! हे कागद घरातल्या पुस्तकांच्या बांधणीत दडवले, काही परदेशातल्या मित्रांना पत्रांतून पाठवले. १९३९ साली ती लंडनमार्गे निघाली आणि पुढे न्यूयॉर्कला पोहोचली.

आता स्वप्नं ऐका.

पहिलं आहे एका कारखानदाराचं. वय साठच्या आसपास, ताठ कण्याचा माणूस, जुना सोशल डेमोक्रॅट. कारखान्यातले कामगारही बरेचसे त्याच विचाराचे, वर्षानुवर्षांचे सहकारी. हिटलर सत्तेवर आल्यानंतर अवघ्या तिसऱ्या दिवशी त्याला स्वप्न पडलं. गोबेल्स कारखान्यात आला आहे. कामगार समोरासमोर दोन रांगा करून उभे आहेत, मधे मालक, आणि त्याला हात वर करून तो नाझी सलाम करायचा आहे. हात उचलेना. मिलिमीटर मिलिमीटरने तो हात वर नेतोय, आणि गोबेल्स नाटक बघावं तसा बघतोय. चेहऱ्यावर ना पसंती, ना नापसंती. अर्ध्या तासाने हात पूर्ण वर गेला. त्यावर गोबेल्स एवढंच म्हणतो, की मला तुमचा सलाम नको. असं म्हणून वळतो आणि दाराकडे चालू लागतो. मालक आपल्याच माणसांसमोर हात वर करून तसाच उभा. कोसळू नये म्हणून तो गोबेल्सच्या अधू पायाकडे टक लावून बघत राहतो.

हे स्वप्न त्याला पुन्हा पुन्हा पडलं, दर वेळी थोडं वाढत जाऊन. एकदा हात उचलताना घाम चेहऱ्यावरून ओघळला आणि त्याला भीती वाटली, की लोकांना वाटेल आपण रडतोय. एकदा त्याने धीरासाठी कामगारांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. तिथे तिरस्कारही नव्हता, काहीच नव्हतं. एकदा तर हात उचलण्याच्या श्रमाने त्याचा कणाच मोडला.

यातली तारीख लक्षात घ्या. तिसरा दिवस. संसदेला आग अजून लागायची आहे, ती २७ फेब्रुवारीला लागली. नागरिकांचे मूलभूत हक्क काढून घेणारा हुकूम २८ तारखेचा. म्हणजे कायदा व्हायच्या आधी, कोणी घरी यायच्या आधी या माणसाला आतून कळलं होतं, की जुलमी सत्ता फक्त सलाम मागत नाही. सलाम करायला लावून वर तो नाकारणं, आणि ज्यांच्यात तुमची प्रतिष्ठा आहे त्यांच्यासमोर नाकारणं, ही तिची रीत असते. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना हे लिहायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

आपल्या चरकसंहितेत, इंद्रियस्थानात, स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढे घडणाऱ्याची सूचना देणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. यातल्या पहिल्या पाचांना चरक निष्फळ म्हणतो. कारखानदाराचं स्वप्न यात कुठे बसवायचं? भाविक म्हणावं, तर त्यात कसलाही चमत्कार नाही. तो काही भविष्य पाहत नव्हता, तो वर्तमानच पाहत होता. फक्त जागेपणी ज्याच्याकडे काणाडोळा करत होता, ते झोपेत करता आलं नाही. आमच्या मते चरकाच्या यादीत हा आठवा प्रकार घालायला हवा, नाव तुम्ही सुचवा.

दुसरं स्वप्न एका डॉक्टरचं, १९३४ मधलं, वय पंचेचाळीस. रुग्ण तपासून झाले आहेत, रात्रीचे नऊ वाजले आहेत, तो सोफ्यावर आडवा होऊन ग्र्यूनेवाल्ड या चित्रकारावरचं पुस्तक वाचतोय. अचानक खोलीच्या भिंती नाहीशा होतात. बाहेर पाहतो, तर नजर पोहोचेल तिथपर्यंत एकाही घराला भिंत नाही. लाउडस्पीकरवर घोषणा चालू आहे, की चालू महिन्याच्या सतरा तारखेच्या भिंती-निर्मूलन आदेशानुसार वगैरे वगैरे.

याचा धागा डॉक्टरने स्वतःच सांगितला. आदल्या दिवशी त्या भागावर नजर ठेवणारा पक्षाचा माणूस घरी आला होता. झेंडा का लावला नाही म्हणून विचारत होता. डॉक्टरने त्याला पेयबिय पाजून गोड बोलून वाटेला लावलं. मनात मात्र म्हणत होता, माझ्या चार भिंतींच्या आत नाही, इथे नाही. मराठीतही आपण नेमकं हेच म्हणतो, चार भिंतींच्या आत. रात्री स्वप्नाने त्या भिंतीच काढून टाकल्या. फ्रॉइड ज्याला दिवसाचा उरलेला अवशेष म्हणतो तो हाच. त्या बाबतीत म्हातारा बरोबर होता.

पण पुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. सकाळी डॉक्टरने हे स्वप्न लिहून काढलं. आणि मग त्याला दुसरं स्वप्न पडलं, की स्वप्नं लिहून ठेवल्याबद्दल आपल्यावर आरोप ठेवला जातोय.

अशी कितीतरी आहेत. एका गृहिणीच्या स्वप्नात नाझी पथकातला माणूस दिवाणखान्यातल्या शेगडीचं दार उघडतो, आणि शेगडी कर्कश आवाजात बोलायला लागते. घरात सरकारविरुद्ध जे जे बोललं गेलं, जे विनोद झाले, ते सगळं ती घडाघडा सांगते. ज्या शेगडीभोवती बसून घरातली माणसं मोकळेपणाने बोलायची, तीच खबरी झाली. एका बाईला स्वप्नात दिसलं, की आपण खबरदारी म्हणून झोपेत रशियन बोलतोय. तिला रशियन येत नव्हतं. म्हणजे आपण काय बोललो ते दुसऱ्याला कळायला नको आणि आपल्यालाही कळायला नको! आणखी एकाला स्वप्नात फक्त त्रिकोण, चौकोन असल्या आकृत्या दिसल्या, कारण स्वप्न पाहण्यावर बंदी आहे असं त्याला स्वप्नातच वाटत होतं. नाझी पुढारी रॉबर्ट लाय म्हणाला होता, की जर्मनीत खाजगी आयुष्य आता फक्त झोपलेल्या माणसालाच उरलं आहे. बेराटबाईंचे कागद वाचल्यावर लक्षात येतं, की लायने आपल्याच राजवटीला कमी लेखलं होतं.

इथे क्षणभर फ्रॉइडकडे वळू. 'स्वप्नांचा अर्थ' हा ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये निघाला, प्रकाशकाने वर साल १९०० घातलं. सहाशे प्रती छापल्या, त्या खपायला आठ वर्षं लागली. त्यातली एक मध्यवर्ती कल्पना आहे सेन्सॉरची. मनातली मूळ इच्छा सरळ बाहेर येऊ शकत नाही, ती वेषांतर करून येते, कारण मधे सेन्सॉर बसलेला आहे. हा शब्द फ्रॉइडने कुठून उचलला? राजकारणातून. सत्ताधाऱ्यांना न रुचणारं सत्य सांगायचं असलेला लेखक जसा आडवळणाने लिहितो, तसं स्वप्न बोलतं, असं तो म्हणतो. म्हणजे वृत्तपत्रांवर लाल शाई फिरवणारा अधिकारी फ्रॉइडने रस्त्यावरून उचलून मनाच्या दारात नेऊन बसवला. १९३३ नंतर बर्लिनच्या लोकांना जे झालं, त्यात ही उपमा उलटून परत आली. त्यांच्या मनाच्या दारात जो बसला होता, तो उपमेतला नव्हता, खराच होता.

त्याच वर्षी १० मे रोजी बर्लिनच्या ऑपेरासमोरच्या चौकात पुस्तकांची होळी झाली, त्यात फ्रॉइडची पुस्तकं होती. १९३५ अखेर ज्यू मनोविश्लेषकांना जर्मन संघटनेतून बाहेर पडावं लागलं. १९३६ मध्ये मानसोपचाराची नवी सरकारमान्य संस्था निघाली, तिचा प्रमुख मात्थियास गोअरिंग, म्हणजे आपल्या 'गुस्ताव काकां'चा चुलतभाऊ. स्वप्न कोणाला सांगावं, असा प्रश्न पडलेल्या बर्लिनकरापुढे त्या वर्षी हा पर्याय होता. आमच्या घरी वाईट स्वप्न पडलं की आजी म्हणायची, कोणाला सांगू नकोस, आंघोळ कर आणि देवाला नमस्कार कर. तिचा सल्ला बर्लिनमध्ये वेगळ्याच कारणाने लागू पडला असता.

आता ही स्वप्नं पुरावा म्हणून कितपत धरायची, हा आपला खरा प्रश्न. बेराटबाईंचं पुस्तक जर्मनीत निघालं १९६६ मध्ये, 'स्वप्नांचं तिसरं राइश' अशा अर्थाच्या नावाने. इंग्रजी भाषांतराला ब्रुनो बेटेलहाइम या मनोविश्लेषकाने निबंध जोडला. बेटेलहाइम स्वतः डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत राहून आलेला, तेव्हा त्याला राजवटीची भीती समजावून सांगायची गरज नव्हती. पण त्याचा आक्षेप असा, की स्वप्न पाहणाऱ्याचं बालपण, त्याच्या आठवणी, त्या प्रत्येक प्रतिमेवरून त्याला काय काय सुचतं, हे माहीत नसताना स्वप्नाच्या तळाशी कसं जाणार? कारखानदाराचा वर न जाणारा हात, मोडणारा कणा, यांना त्याच्या खाजगी आयुष्यातही काही अर्थ असणारच.

आक्षेप रास्त आहे. पण आम्हाला वाटतं, तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. साठ वर्षांच्या या माणसाच्या मनात लहानपणापासून काय काय साठलं होतं, ते आपल्याला कधीच कळणार नाही. पण ते साठलेलं सगळं, नेमकं फेब्रुवारी १९३३ मध्ये, नेमकं सलामाच्या रूपात का वर आलं, याचं उत्तर त्याच्या बालपणात नाही. आणि शेगडीवाली बाई, भिंतीवाला डॉक्टर, रशियन बोलणारी बाई, या सगळ्यांची बालपणं काय एकसारखी होती? बेराटबाईंनी तर मारहाणीची, शारीरिक भीतीची स्वप्नं पुस्तकातून मुद्दाम वगळली, कारण तशी स्वप्नं कोणत्याही काळात पडतात. तिला हवी होती ती या राजवटीचीच म्हणता येतील अशी.

दुसरे दोन आक्षेप आम्हाला जास्त टोचतात. एक, तिच्यापर्यंत कोण पोहोचलं? राजवटीचे उत्साही समर्थक तिला स्वप्न सांगायला थोडेच येणार होते! हे तिनेच कबूल केलं आहे. त्यामुळे हा सगळ्या जर्मनीच्या झोपेचा नकाशा नव्हे. दुसरा, सांगितलेलं स्वप्न आणि पडलेलं स्वप्न एकच का? नॉर्मन माल्कम या विटगेनश्टाइनच्या शिष्याने १९५९ मध्ये असं मांडलं, की जागं झाल्यावर सांगितलेल्या हकिकतीखेरीज स्वप्नाला दुसरी कसोटीच नाही. आमच्या उमेदीच्या काळात या छोट्या पुस्तकावर आम्ही मित्र रात्र रात्र भांडलो आहोत. १९५३ मध्ये शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे भराभर हलण्याचे टप्पे शोधून काढले होते, त्याच्या आधारे माल्कमला खोडता येईल असं आम्हाला तेव्हा वाटे. आज तितकी खात्री नाही. डोळे हलले हे यंत्र सांगतं, गोबेल्स लंगडत गेला हे कारखानदारच सांगतो.

पण इतिहासकाराचं यात फारसं बिघडत नाही, आणि हे आम्हाला राइनहार्ट कोझेलेक या जर्मन इतिहासकाराकडून कळलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ही स्वप्नं म्हणजे दहशतीची वर्णनं नव्हेत, ती दहशतीच्याच कारवाईचा भाग आहेत. रोजनिशी लिहिणारा माणूस जे घडलं ते सांगतो. स्वप्न सांगणारा, ते आपल्या आत घडलं, हे दाखवतो. कारखानदाराने सकाळी उठून दोन वाक्यं रंगवून सांगितली असतील, तरी घाम खोटा नव्हता.

कोझेलेकने शेजारी आणखी एक साक्षीदार उभा केला आहे. जाँ केरॉल हा फ्रेंच कवी माउथाउझेनच्या छावणीत होता, आणि त्याने कैद्यांच्या स्वप्नांबद्दल लिहिलं. आपल्याला वाटेल छावणीत अधिक भयंकर स्वप्नं पडत असतील. पण त्याला दिसलं ते वेगळंच. उजेड, रंग, निसर्गाची दृश्यं, माणसांशिवायची. भीती बाहेरच्या लोकांच्या स्वप्नांत होती. आत, जिथे ती प्रत्यक्ष होती, तिथे स्वप्नं दुसरीकडे निघून गेली होती. अर्थात हाही नियम नव्हे. आउश्विट्झमधल्या प्रिमो लेव्हीला वारंवार पडणारं स्वप्न घराचं होतं. आपण परत आलो आहोत, सगळं सांगतो आहोत, आणि घरचं कोणी ऐकत नाही. त्याच्या सोबत्यांनाही तेच पडत होतं.

फिनलंडच्या अँटी रेव्होन्सुओने २००० साली एक सिद्धांत मांडला, की स्वप्न म्हणजे संकटाची रंगीत तालीम. आदिमानव झोपेत वाघापासून पळायचा सराव करी, म्हणून जागेपणी वाचे. सिद्धांत आकर्षक आहे. पण बर्लिनच्या या माणसांनी तालीम कशाची केली? पळण्याची नाही, लढण्याची नाही. सलाम करण्याची, गप्प बसण्याची, स्वतःचं बोलणं स्वतःला न कळू देण्याची. आणि काही जणांनी तर त्याच्याही पुढची. काही स्वप्नांत हिटलर येतो, जरा विदूषकासारखा, कोणाशी तरी प्रेमाने वागतो, आणि स्वप्न पाहणाऱ्याला वाटून जातं, की माणूस तितकासा वाईट नसावा, आपण उगाच विरोध करत बसलो. एकाला स्वप्नात हायसं वाटतं, की आता सतत 'नाही' म्हणत राहायला नको. आम्हाला विचाराल तर संग्रहातली सर्वांत भीतिदायक स्वप्नं ही आहेत. यात घाम नाही, किंकाळी नाही. झोप चांगली लागते.

याच्या उलट टोकाला सोफी शोल. म्युनिकमध्ये हिटलरविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून २२ फेब्रुवारी १९४३ रोजी तिला मृत्युदंड झाला, वय २१. त्या दिवशी सकाळी तिने कोठडीतल्या सोबतिणीला स्वप्न सांगितलं. उन्हात ती एका बाळाला बाप्तिस्म्यासाठी नेते आहे, चर्चची वाट चढणीची. अचानक पायाखाली बर्फाची भेग उघडते. बाळाला पलीकडे सुरक्षित ठेवण्यापुरता वेळ मिळतो, मग ती खाली कोसळते. बाळ म्हणजे आमचा विचार, असा अर्थही तिनेच लावला. बेराटबाईंनी हे स्वप्न आपल्या पुस्तकात घेतलं आहे. जागेपणी ज्यांनी काही केलं, त्यांची स्वप्नंही वेगळी होती, असं त्यांचं निरीक्षण. कारखानदाराचा हात आणि सोफीचे हात शेजारी शेजारी ठेवून बघा.

बेराटबाईंचं पुढे काय झालं तेही सांगतो. न्यूयॉर्कमध्ये त्या आपल्या राहत्या घरात बायकांचे केस रंगवून पोट भरत. गिऱ्हाइकं बहुतेक तिकडून पळून आलेली. हॅना आरेंट मैत्रीण, तिचे काही निबंध त्यांनी जर्मनमध्ये नेले. स्वप्नांबद्दलचा पहिला लेख १९४३ मध्ये तिथल्या एका नियतकालिकात आला, आणि पुस्तक व्हायला आणखी तेवीस वर्षं गेली. १९८६ मध्ये त्या न्यूयॉर्कलाच वारल्या. केस रंगवताना समोरच्या बाईला त्या अजूनही स्वप्नं विचारत असतील का, हा प्रश्न आमच्या मनात बरेचदा येतो.

माल्कमचं पूर्ण म्हणणं आज घाईत उरकलं, ते पुढच्या महिन्यात नीट घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेतल्या त्या बाईंनी मघाशीच हात वर केला होता, आधी त्यांना माइक द्या.